आजीची डबी, नातीची ट्यूब

दात, त्वचा आणि केसांची वाट लावणाऱ्या सवयी आपण ‘ब्युटी’च्या नावाखाली जपतो. त्या सुटत का नाहीत? आणि सोडवायच्या कशा?

गणपतीला गावी गेलं की हा सीन ठरलेला. महाडला एसटीतून उतरायचं, जीप पकडायची आणि तळीयेच्या बाजूच्या एखाद्या वाडीत पोचायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत पडवीत यावं, तर कोपऱ्यात आजी बसलेली. हातात छोटीशी डबी. त्यातली काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांवर घासणं चाललंय आणि नजर समोरच्या डोंगराकडे. आपला चहा व्हायच्या आत आजीची मशेरी झालेली असते.

मुंबईहून आलेली नात लगेच लेक्चर सुरू करते.

“आजी, सोड ना गं ती मशेरी! कॅन्सर होतो त्याने.”

“चाळीस वर्सं लावतेय, काय झालं मला? आनि तू ती रातच्याला तोंडाला काय चोपडतेस गं?”

बोलती बंद! कारण नातीच्या पर्समध्येही एक ट्यूब असतेच. मैत्रिणीने सांगितलेली, केमिस्टने न विचारता दिलेली, आठ दिवसांत चेहरा उजळवणारी. आजीच्या डबीत आणि नातीच्या ट्यूबमध्ये वाटतो तेवढा फरक नाही.

तळीये म्हटलं की २२ जुलै २०२१ ची दरड आठवते, त्यात गेलेली ऐंशीहून अधिक माणसं आठवतात. त्यानंतर हे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पण महाड-पोलादपूरच्या वाड्या म्हणजे काही फक्त पावसाळ्यातली बातमी नाही. तिथे आपली माणसं राहतात, आणि त्यांची रोजची दुखणी बातमीत कधीच येत नाहीत. मशेरी हे त्यातलंच एक.

डबीत असतं काय?

तंबाखू. दुसरं काही नाही. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडून पूड करायची, झाली मशेरी! सुरुवात होते दात घासण्यापासून. कुणाची दाढ दुखत असते, कुणाला ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटतं. हळूहळू सकाळची एक वेळ पुरत नाही. दुपारी भांडी झाल्यावर, संध्याकाळी शेतावरून आल्यावर, रात्री झोपताना... हिरड्यांमधून निकोटिन थेट रक्तात जातं आणि मेंदूला त्याची चटक लागते. म्हणजे आजी दात घासत नसते, ती तंबाखूची तलफ भागवत असते.

दातांचं काय होतं? हिरड्या मागे सरकतात, मुळं उघडी पडतात, दातांवर काळे डाग बसतात. तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. धूर नसलेला तंबाखूही कॅन्सर करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पक्कं सांगितलंय.

हे फक्त आज्यांपुरतं असतं तरी एक वेळ ठीक. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मशेरीच लावायच्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं! महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा असा बिनधुराचा तंबाखू वापरणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा होता २४.४ टक्के, म्हणजे चारातला जवळजवळ एक.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. पण घरच्या तव्यावर कसली बंदी?

आता नातीची ट्यूब

केमिस्टकडे सहज मिळणाऱ्या बऱ्याच ‘गोरं करणाऱ्या’ मलमांमध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं स्टेरॉइड असतं. एक्झिमा, सोरायसिस अशा आजारांवर ती चांगली औषधं आहेत. पण डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळली तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, नको तिथे केस उगवतात. त्वचारोगतज्ज्ञांनी याला नावच ठेवलंय, ‘स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’. देशभरातल्या बारा केंद्रांमध्ये चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांची पाहणी झाली आणि ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते.

खरी मेख पुढे आहे. ट्यूब बंद केली की चार-पाच दिवसांत चेहरा पेटतो. आग, खाज, पिंपल्सचा पूर. मग वाटतं, ‘बघ, क्रीम होतं तेव्हाच बरं होतं!’ आणि पुन्हा ट्यूब उघडते. आजी मशेरी सोडते तेव्हा डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप येत नाही. मग तीही म्हणते, ‘लावत होते तेच बरं होतं.’ दोघींचा सापळा एकच!

२०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. पण गोरेपणाचं वेड काही नाव बदलून जात नाही. २०२३ मध्ये अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींना किडनीचा विकार झाला. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये शोध घेतल्यावर संशय गेला तो त्यांच्या स्किन क्रीमवर. त्यात पारा होता!

केसांचंही तेच. स्ट्रेटनिंगच्या काही क्रीम्समध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. एका तरुणीला तीनदा स्ट्रेटनिंग केल्यावर तिन्ही वेळा किडनीचा त्रास झाल्याची केस २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापली. सलूनमध्ये बाटलीवरचं लेबल वाचायला मागा. लाजायचं कशाला?

मग सोडायचं कसं?

ओरडून नाही. आजीची डबी लपवली तर ती शेजारणीकडून मागून आणेल. प्लॅन करा.

मशेरीसाठी :
• आधी डेंटिस्टकडे न्या. दाढ दुखते म्हणून मशेरी लावणाऱ्या बाईची दाढ बरी केल्याशिवाय मशेरी सुटणार नाही.
• ती कोणत्या वेळी लावते ते लिहून काढा. सगळ्यात सोप्या वेळेपासून एकेक वेळ कमी करा आणि मग पूर्ण बंदची तारीख ठरवा. त्या वेळी बडीशेप, लवंग तोंडात टाकायला द्या.
• पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. तेव्हा घरात कुणीतरी सोबत हवं, म्हणून सुट्टीत सुरुवात करा.
• तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन फुकट आहे.
• तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर थेट डॉक्टरकडे.

ट्यूबसाठी :
• झटक्यात बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा, ते हळूहळू कमी करून देतील.
• लेबल वाचा. नावात शेवटी ‘-सोन’ किंवा ‘-सोल’ दिसलं की ते काय आहे ते आधी विचारा. लेबलच नसेल तर ते क्रीम तोंडाला नको.
• तोपर्यंत साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बस्स.

आणि हो, मशेरीला नाव ठेवून स्वतः कोळशाची काळी टूथपेस्ट घासणाऱ्यांनो, त्यानेही दात पांढरे होतात याला भक्कम पुरावा नाही. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. एवढं पुरतं.

या वेळी गावी जाल तेव्हा लेक्चर देऊ नका. पर्समधली ट्यूब काढून आजीच्या पुढ्यात ठेवा आणि म्हणा, “तू तुझी डबी दे, मी माझी देते. कोण आधी सोडतं बघू!” आजी हसेल, दोन शिव्याही देईल. पण तिच्या लक्षात येईल की या वेळी नात शिकवायला आलेली नाही, सोबत करायला आलीय.