बोरघाटाचे जुने नकाशे

नकाशांवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? आमचे शिक्षण शाळेत कमी आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. पण काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका स्टेशनाजवळील वस्तीतील मंडळी एक नोटीस घेऊन आमच्याकडे आली. रुळांच्या बाजूची त्यांची घरे म्हणजे अलीकडचे अतिक्रमण असून ती रिकामी करावीत, असा त्या कागदाचा आशय होता. त्या घरांत गँगमन, हमाल, खडी फोडणारे अशांची चौथी-पाचवी पिढी नांदत होती. "अलीकडचे" म्हणजे कधीचे, हे पाहण्यासाठी आम्हाला जुने नकाशे उघडावे लागले, आणि उघडल्यावर ते वाचता येत नाहीत असे कळून आले. मग शिकलो. जे शिकलो तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट ही, की नकाशा काढणारा ज्यासाठी पैसे घेतो तेवढेच त्याला दिसते. आपल्याकडे जुन्या मराठी अमदानीतल्या नकाशांत डोंगर उभे रंगविलेले असत, नदीला मासे असत, देऊळ कळसासकट असे. वाटसरूला आणि शिबंदीला जे उपयोगी ते तिथे मोठे. इंग्रज आला आणि त्याने जमीन मोजली ती साऱ्यासाठी. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची जी पद्धत बसविली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे आपला गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. आपण प्लॉट घेताना जो गुंठा रोज तोंडात घोळवतो, तो त्या लोखंडी साखळीचाच वंशज आहे.

या मोजणीत शेताचा प्रत्येक बांध आला, कारण बांधाआड सारा होता. गावठाण मात्र बहुतेक ठिकाणी एकच रेघ मारून मोकळे सोडले गेले. तिथून सारा मिळत नव्हता. त्यामुळे घर आहे, पण घराचा नकाशा नाही, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना काढून ड्रोनने गावठाणे मोजावयास घेतली, ती ही जुनी उणीव भरण्यासाठीच.

आता रेल्वेकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळकरी पोरही सांगते. पण कंपनीची नजर ठाण्यावर नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या मागे लागलेला जॉन चॅपमन हा गृहस्थ कापसाचा हिशेब मांडीत होता. वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवरून नि गाड्यांतून बंदरावर येई, वाटेत भिजे, मळे, आठवडेच्या आठवडे अडके. म्हणून त्या काळचा रेल्वेचा नकाशा पाहताना मुंबईकडून पाहू नये, खामगाव-अमरावतीकडून पाहावा. मग रेघ तशीच का वळली ते उमगते. खामगावच्या बाजारापर्यंत मुद्दाम आठ मैलांचा फाटा काढला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो उघडावयास आले.

कापूस आणि बंदर यांच्यामध्ये सह्याद्री आडवा. तो ओलांडण्यासाठी थळघाट आणि बोरघाट अशा दोन वाटा ठरल्या. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी १८६० मध्ये लंडनला सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे या रेल्वेवर निबंध वाचला. अशा कामाची रेखाटने दोन प्रकारची असतात. एक वरून पाहिलेला आराखडा, ज्यात मार्ग सापासारखा वळत जातो. दुसरा उभा छेद: डोंगर सुरीने कापून बाजूने पाहावा तसा. छेदात उंचीचे माप लांबीच्या मापापेक्षा मुद्दाम मोठे धरतात, नाही तर चढ डोळ्यांना दिसणारच नाही. हे ठाऊक नसले म्हणजे माणूस घाबरतो; आम्हीही प्रथम घाबरलो, की गाडी अशा भिंतीवर चढली कशी!

प्रत्यक्षात आकडे असे आहेत. पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट, माथा २०२७ फूट. म्हणजे १८३१ फुटांची चढण. ती १५ मैल ६८ साखळ्या एवढ्या अंतरात काढली. सरासरी धरल्यास सुमारे ४६ फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. सर्वांत खडी जागा ३७ फुटांत एक. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. आणि एका ठिकाणी तर डोंगराच्या नाकावर वळण घ्यायला जागाच उरली नाही. तिथे रूळ पुढे नेऊन थांबविले, इंजिन मागच्या टोकाला आणून जोडले आणि गाडी उलट तोंडाने वर निघाली. एसटीचा ड्रायव्हर अरुंद वळणावर गाडी मागे-पुढे घेतो ना, तसाच हा प्रकार. सुमारे १९२९ पर्यंत हे चालले. मग नवे बोगदे खणून ते टाळण्यात आले.

रेघ सरकली म्हणजे गावाचे दैव सरकते, हेही नकाशांत वाचता येते. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८५८ मध्ये वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट उतारूंनी पालखीत वा तट्टावर बसून चढावा. त्या पाच वर्षांच्या नकाशात खोपोली हे मोठे ठिकाण, लोहमार्गाचे टोक. १८६३ मध्ये घाट खुला झाला, मुख्य मार्ग पळसदरीहून वर वळला आणि खोपोली एका फाट्याच्या शेवटी जाऊन बसली. डोंगर तोच, नदी तीच. पण हमालाची रोजी मात्र रुळांबरोबर गेली.

आता या साऱ्या कागदांत जे नाही त्याकडे येऊ. १८६१ च्या आरंभी या घाटावर ४२,००० माणसे काम करीत होती. एवढी माणसे म्हणजे त्या काळचे एक शहरच. त्या शहराचा नकाशा कुठे आहे? विलायती सचित्र पत्रांत छापलेल्या चित्रांत पूल असतो, धूर असतो, आणि कोपऱ्यात दोन-तीन उघडी माणसे असतात, ती पुलाची उंची कळावी म्हणून. माणूस म्हणजे फूटपट्टी!

या फूटपट्ट्या एकदा बोलल्या. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याच्या कामावर मजुरी थकली, आणि जानेवारी १८५९ मध्ये हजारो मजूर उठले. दंगल झाली, चौकशी झाली, त्याच साली त्याने कंत्राट सोडले. पुढे सॉलोमन ट्रेडवेल आला. येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने चालविले. पावसाळ्यात काम थांबे, पटकी माजे, माणसे पळत, हिवाळ्यात नवी येत. १८६० मध्ये सरकारने मालक-मजुरांच्या तंट्यांचा कायदा केला. थकलेल्या मजुरीची दाद मॅजिस्ट्रेटपुढे लवकर लागावी ही त्याची एक बाजू. उचललेले काम टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षा ही दुसरी. आपल्या देशातील मजूर कायद्यांच्या अगदी आरंभीचा हा कायदा, आणि त्याची मुळे या घाटाच्या मातीत आहेत. आमच्या सभांतून आम्ही हे मुद्दाम सांगतो.

परत त्या वस्तीकडे येऊ. महसुली नकाशात तिचे नाव नव्हते. ती गावठाणाच्या रेघेबाहेर आणि शेतांच्या बांधांपलीकडे होती. रेल्वेच्या हद्दीचा एक जुना आराखडा मात्र हाती लागला. त्यावर एका मोरीपासून अकरा साखळ्यांवर विहिरीचे वर्तुळ होते आणि त्याला लागून बारीक चौकोनांची रांग, वर इंग्रजीत "कुली लाइन". आम्हाला हर्ष झाला. दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन मोरीपासून मोजले, तर ३६३ फुटांवर एका भल्या माणसाची वांग्याची वाफ! विहीर नाही, काही नाही. मंडळींचे चेहरे उतरले. रात्री कंदील घेऊन पुन्हा कागदावर बसलो तेव्हा चूक उमगली. आम्ही गुंठ्याची ३३ फुटी साखळी धरली होती. इंजिनियरची साखळी ६६ फुटांची, मैलात ऐंशी. पुन्हा मोजले. ७२६ फुटांवर वस्तीची विहीर, एक-दोन हातांचा फरक.

पण नकाशा हे दुधारी हत्यार आहे, हेही तेव्हाच समजले. ज्या आराखड्याने वस्ती जुनी ठरली, त्याच आराखड्याने ती जागा कंपनीची, म्हणजे आज रेल्वेची, हेही ठरले. वकीलसाहेबांनी ते आम्हाला शांतपणे दाखविले. तेव्हापासून भांडणाचे स्वरूप बदलले: जागा कोणाची हा प्रश्न मागे पडला, आणि कामासाठी आणून बसविलेल्या माणसांना पर्यायी घर न देता उठविता येते काय, हा पुढे आला. "अलीकडचे" हा शब्द नंतरच्या पत्रांतून गळाला, एवढे मिळाले. बाकी निकाल व्हावयाचा आहे.

आपणांपैकी कोणाला आपल्या गावाचे असे कागद पाहावयाचे असतील तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आरंभ करावा. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारातही जावे. सोबत भिंग न्यावे, आणि कागद उलगडण्यापूर्वी कोपऱ्यातील साखळीचे माप वाचावे. आम्ही ते शेवटी वाचले.