किनाऱ्याची रेषा आणि लोकांच्या हरकती

भारताच्या सागरकिनाऱ्याची लांबी सुमारे ७,५१६ किलोमीटर आहे, असे आपण शालेय पुस्तकांतून कित्येक वर्षे शिकत आलो. अलीकडे अधिक सूक्ष्म नकाशांवरून फेरमोजणी झाली, तेव्हा तीच लांबी ११,०९८ किलोमीटर भरली. मधल्या काळात समुद्राने काही नवा किनारा निर्माण केला नव्हता. पूर्वीच्या मोजणीच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील ४५ किलोमीटर होते. नव्या नकाशावर ते अडीच किलोमीटर झाले. त्यामुळे पूर्वी एका रेघेत बुजून गेलेल्या खाड्या, नदीमुखे आणि बेटे आता मोजणीत आली.

समुद्राच्या रक्षणासाठी शासन जे उपाय योजते, त्यांनाही हाच न्याय लागू पडतो. राजधानीत तयार झालेल्या मसुद्यात खाडीच्या तोंडाशी होड्या कोठे ओढून ठेवतात, मासळी कोठे वाळत घालतात, खारे पाणी कोणत्या शेतापर्यंत चढते, हे दिसत नाही. म्हणून नियम कायम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागविण्याची पद्धत आहे. ही पद्धत पुष्कळांना निव्वळ उपचार वाटते. वस्तुतः तो मोजणीचाच एक भाग होय.

भरतीरेषा म्हणजे काय?

चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्रास भरती-ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास दोघांचे बळ एकत्र होऊन भरती मोठी येते. तिला आपल्याकडे उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती लहान असते, तो भांग. उधाणाचे पाणी जमिनीवर जेथवर पोहोचते, ती भरतीरेषा. किनाऱ्यासंबंधीचे बहुतेक सर्व नियम याच रेषेपासून अंतर मोजतात.

भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधील पट्टा वरवर ओसाड दिसला, तरी तेथेच कांदळवने वाढतात. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात मासे व कोळंबी यांची पिले आश्रय घेतात. रेषेच्या वर वाळूच्या टेकड्या असतात. त्या लाटांचा जोर अडवितात. त्यामागच्या जमिनीखाली गोड्या पाण्याचा साठा असतो, आणि त्याचा अतोनात उपसा झाल्यास त्यात समुद्राचे खारे पाणी शिरते. या साखळीतील एक कडी तुटली की त्याचा परिणाम मासळीपासून विहिरीपर्यंत पोहोचतो. नियमनाची आवश्यकता आहे ती यासाठी.

नियमांचा इतिहास

१९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. त्याखालील नियमांनुसार केंद्र शासनास एखाद्या क्षेत्रात निर्बंध घालावयाचे असल्यास तसा उद्देश राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्यानंतर साठ दिवसांत कोणासही लेखी हरकत घेता येते. मात्र सार्वजनिक हिताचे कारण दाखवून ही पूर्वसूचना वगळण्याचा अधिकारही त्याच नियमांनी शासनाला दिला आहे.

या तरतुदीप्रमाणे डिसेंबर १९९० मध्ये मसुदा निघाला आणि १९ फेब्रुवारी १९९१ रोजी 'किनारा नियमन क्षेत्रा'ची, म्हणजेच सर्वत्र 'सीआरझेड' या नावाने ओळखली जाणारी, पहिली अधिसूचना जारी झाली. पुढील दोन दशकांत तीत सुमारे पंचवीस वेळा दुरुस्त्या झाल्या. २००४ च्या सुनामीनंतर सर्व व्यवस्थेचा फेरविचार सुरू झाला, आणि २००८ मध्ये शासनाने अगदी वेगळ्या धाटणीचा नवा मसुदा पुढे आणला. त्यावर मच्छीमारांनी तीव्र हरकती घेतल्या. २००९ मध्ये डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या समितीने तो मसुदा सोडून द्यावा आणि १९९१ चीच व्यवस्था बळकट करावी, असा अभिप्राय दिला. शासनाने तो मान्य केला आणि निरनिराळ्या किनारी राज्यांत लोकांशी विचारविनिमय केला. त्यानंतर पुन्हा मसुदा निघून ६ जानेवारी २०११ रोजी नवी अधिसूचना आली.

तिच्यातील फरक पाहण्यासारखे आहेत. मुंबईतील कोळीवाड्यांची नकाशावर स्वतंत्र नोंद करण्याचे ठरले. गोव्यातील खाजण जमिनींचा उल्लेख आला, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे संरक्षणासाठी नावानिशी नमूद झाले. केरळातील खाड्यांमधील बेटांसाठी वेगळी तरतूद झाली. किनारा सर्वत्र एकसारखा नसतो, ही गोष्ट अखेर कायद्याच्या भाषेत उतरली.

हरकत कशी असावी?

जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तेथे हात किती वर झाले याला महत्त्व नसून पुरावा काय पुढे आला याला आहे. 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. परंतु 'अमुक खाडीच्या उत्तर काठावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात. नकाशावर ती जागा मोकळी दाखविली आहे', किंवा 'उधाणाचे पाणी दाखविलेल्या रेषेच्या आत अमुक बांधापर्यंत येते', असे स्थळ, काळ व खूण यांसह लिहिले, तर ते विधान जागेवर जाऊन तपासता येते. तपासता येणारे विधान हेच शास्त्रात उपयोगी पडते. पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर वावरणाऱ्या माणसापाशी अशी विधाने पुष्कळ असतात. ती मागण्याची तजवीज मात्र असावी लागते.

ती तजवीज नियमांत आहे. राज्यांनी किनाऱ्याचे आराखडे तयार करावयाचे, त्यांत मच्छीमारांच्या वस्त्या, मासेमारीची क्षेत्रे व माशांच्या विणीच्या जागा दाखवावयाच्या, आणि मसुद्यावर जिल्हा पातळीवर जनसुनावणी घ्यावयाची, असा दंडक आहे. मुख्य आराखडा पंचवीस हजारांस एक या प्रमाणाचा असतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. एखाद्या वाडीचे वाळवण त्यावर टिंबाएवढेही दिसणार नाही. यासाठी सुमारे चार हजारांस एक अशा मोठ्या प्रमाणाच्या स्थानिक नकाशांचीही तरतूद आहे. सुनावणीपूर्वी नागरिकांनी मागून पाहावयाचा तो हाच नकाशा.

विचारणे आणि उत्तर देणे

येथे एक उणीव सांगितली पाहिजे. आलेल्या हरकतींचा विचार करणे शासनास बंधनकारक आहे. परंतु कोणती हरकत का स्वीकारली व कोणती का फेटाळली, हे प्रत्येकास कळविण्याचे बंधन त्या नियमांत नाही. २०१८ च्या मसुद्यात दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामरहित पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याचे प्रस्तावित होते. मच्छीमारांच्या संघटनांनी त्यास हरकत घेतली, तरी १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत ती तरतूद कायम राहिली. निर्णय कोणताही असो; ज्याने हरकत घेतली त्यास कारण कळले नाही, तर पुढच्या वेळी तो सुनावणीस येत नाही, आणि त्याच्यापाशी असलेली माहितीही येत नाही.

दुसरी उणीव भाषेची. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाविषयीचा २०२० चा मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत निघाला होता. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवादित करण्याचा आदेश दिला. केंद्र शासनाने त्या आदेशास आव्हान दिले. परंतु त्यामागील प्रश्न साधा आहे. जो मसुदा वाचताच येत नाही, त्यावर हरकत कशी घ्यावी? मालवणच्या, पुरीच्या किंवा रामेश्वरच्या मच्छीमारास साठ दिवस दिले आणि मसुदा मात्र परक्या भाषेत दिला, तर त्यातील बरेच दिवस अर्थ लावण्यातच जातात.

किनाऱ्याची मोजणी सूक्ष्म करण्यास उत्तम नकाशा लागला. किनाऱ्याचा कायदा सूक्ष्म करण्यास वाचता येईल असा मसुदा, पाहता येईल असा नकाशा आणि कारणांसह मिळालेले उत्तर, एवढे लागते. आपल्या जिल्ह्याचा आराखडा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा भरतीची खूण प्रत्यक्ष पाहून यावे, ती नकाशावरील रेषेशी ताडून पाहावी, आणि फरक आढळल्यास तो मुदतीच्या आत लेखी कळवावा.