संगणकाचे घड्याळ कसे जुळवतात?

समजा, शाळेच्या संगणककक्षातून एका मुलीने आपला प्रकल्प सर्व्हरवर पाठवला. मुदत दुपारी १२ वाजेपर्यंत होती. तिच्या संगणकावर ११ वाजून ५९ मिनिटे झाली होती, पण सर्व्हरच्या नोंदीत वेळ पडली १२ वाजून १ मिनिट. मुलीला उशीर झाला, की सर्व्हरचे घड्याळ पुढे होते? नुसत्या नोंदी पाहून याचा निवाडा करता येत नाही. दोन्ही घड्याळे जुळलेली असतील, तरच त्या नोंदींना अर्थ.

मुळात संगणकाचे घड्याळ चुकते कशामुळे? ते क्वार्ट्झच्या स्फटिकाची कंपने मोजून चालते. तापमान बदलले किंवा स्फटिक जुना झाला, की कंपनांची गती किंचित बदलते. दहा लाख सेकंदांत २० सेकंदांची चूक पडणे यात काही नवल नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे चूक रोज सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट!

यापेक्षा कितीतरी भरवशाची असतात ती अणुघड्याळे. आपल्याकडे नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अशा घड्याळांच्या आधारे भारतीय प्रमाणवेळ राखते आणि नेटवर्कवरूनही पुरवते. मग संगणकाने तिथे वेळ विचारावी आणि आपले घड्याळ लावावे, झाले! पण इथेच खरी अडचण आहे. उत्तर वाटेत असताना वेळ थांबत नाही. हाती पडते ते शिळे उत्तर. ते किती शिळे आहे, हे कसे ओळखायचे?

चिठ्ठीचा खेळ

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. राजूचे घड्याळ बिनभरवशाचे आहे. दुसऱ्या इमारतीत बसलेल्या मीनाचे घड्याळ बरोबर आहे. राजू चिठ्ठीवर आपली वेळ लिहितो, १० वाजून ० मिनिटे, आणि ती शिपायाबरोबर पाठवतो. मीनाला ती मिळते तेव्हा तिच्या घड्याळात १०.०३ झालेले असतात. ती दोन्ही वेळा लिहून १०.०४ ला चिठ्ठी परत पाठवते. राजूच्या हाती ती पडते तेव्हा त्याच्या घड्याळात १०.०५ वाजलेले आहेत.

आता हिशेब करू. राजूच्या घड्याळाप्रमाणे एकूण ५ मिनिटे गेली. त्यांतले १ मिनिट चिठ्ठी मीनाजवळ होती. म्हणजे प्रवासाला ४ मिनिटे लागली. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागला असे धरले, तर परतीची २ मिनिटे. मीनाने १०.०४ ला चिठ्ठी सोडली, म्हणून आता खरी वेळ १०.०६ असली पाहिजे. राजूचे घड्याळ १ मिनिट मागे आहे! गंमत अशी, की चुकीच्या घड्याळानेही गेलेला कालावधी पुरेसा बरोबर मोजता आला.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी घडवलेला ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ नेमके हेच करतो. त्याचा आराखडा १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही अशाच चार वेळांची नोंद होते. फरक एवढाच, की मिनिटांऐवजी सेकंदाचे हजारावे भाग मोजले जातात.

एक गृहीत मात्र विसरू नये. जाताना ३ मिनिटे आणि येताना १ मिनिट लागले असेल, तर खरी वेळ १०.०५, म्हणजे राजूचे घड्याळ बरोबरच होते! हा फरक या चार आकड्यांतून कळत नाही. पण चूक एकूण प्रवासाच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. म्हणूनच संगणक पुनःपुन्हा विचारतो आणि लवकर परत आलेल्या उत्तरांना अधिक मान देतो.

सर्व्हरवर काय लिहावे लागते?

लिनक्स सर्व्हरवर हे काम बहुधा ‘क्रोनी’ नावाचा प्रोग्रॅम करतो. त्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये तीन गोष्टी मुख्य.

पहिली, ‘सर्व्हर’ : वेळ कोणाला विचारायची त्यांची नावे. दोनच नावे दिली आणि त्यांचे पटले नाही, तर खोटे कोण हे ठरवता येत नाही. तीन असतील तर बहुमत घेता येते; चार असतील तर एखादे बंद पडले तरी भागते.

दुसरी, ‘ड्रिफ्टफाइल’ : आपला स्फटिक किती जलद किंवा मंद चालतो, याची टिपणवही. संगणक पुन्हा सुरू झाला, की जुना अनुभव कामी येतो.

तिसरी, ‘मेकस्टेप’. तिच्यापुढे १ आणि ३ हे आकडे लिहिले, तर अर्थ असा : चूक एका सेकंदाहून मोठी असेल, तर पहिल्या तीन दुरुस्त्यांपर्यंत घड्याळ एकदम सरकवावे, त्यानंतर नाही. असे का? चालू सर्व्हरचे घड्याळ एकदम मागे घेतले, तर तीच वेळ दोनदा येईल आणि नंतरची घटना आधीची म्हणून नोंदली जाईल. म्हणून एरवी क्रोनी घड्याळाची गती अगदी थोडी कमीजास्त करून चूक हळूहळू भरून काढतो.

फाइल बदलल्यावर क्रोनी पुन्हा सुरू करावा आणि ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ ही आज्ञा देऊन चूक किती उरली ते पाहावे. घड्याळ साडेपाच तास मागे दिसले, तर गोंधळू नये. तो दोष घड्याळाचा नसून कालविभागाच्या निवडीचा असतो. प्रोटोकॉल जागतिक वेळच पाठवतो. तिच्यात साडेपाच तास मिळवून दाखवणे हे आपल्या संगणकाचे काम.

आता पुन्हा त्या मुलीकडे वळू. तिला उशिराचा शेरा देण्यापूर्वी सर्व्हरचे घड्याळ तपासणे हे शिक्षकाचे काम आहे. आणि विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न : चिठ्ठीला जाताना १ मिनिट आणि येताना ३ मिनिटे लागली असती, तर राजूचे घड्याळ खरोखर किती मागे असते?