सहा अध्यक्ष आणि सापडेनाशी झालेली घटना

फेब्रुवारी २०२३मध्ये दुबईत काढलेलं एक छायाचित्र किर्गिझस्तानात खूप गाजलं. स्वतंत्र देशाचे तोवरचे सहाही अध्यक्ष त्यात एकत्र होते. अस्कार अकायेव २००५मध्ये जमावाच्या भीतीने मॉस्कोला पळालेले. कुरमानबेक बाकियेव २०१०मध्ये बेलारूसच्या आश्रयाला गेलेले. मायदेशात त्यांना गैरहजेरीतच जन्मठेप झालेली. अल्माझबेक अताम्बायेव नुकतेच तुरुंगातून सुटलेले. त्यांना तुरुंगात धाडलं त्यांचेच उत्तराधिकारी सूरोनबाय जीनबेकोव यांच्या काळात, आणि तेही तिथे हजर. जीनबेकोव यांची खुर्ची २०२०च्या उठावात गेली. ही भेट घडवून आणणारे सादिर जपारोव त्या उठावाच्या रात्रीपर्यंत कैदी होते. सहांपैकी मुदत संपल्यावर सरळ पायउतार होऊन सुखाने घरी गेलेली व्यक्ती एकच, रोझा ओतुनबायेवा.

या देशाचं राजकारण समजून घ्यायला त्या छायाचित्रापासून सुरुवात केलेली बरी. घटनेची पुस्तकं नंतर उघडावीत, कारण ती बरीच आहेत.

किर्गिझस्तान महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाएवढा, सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा. लोकसंख्या ७० लाखांच्या घरात. जवळजवळ सगळी भूमी डोंगराळ, आणि तिएनशानच्या रांगांनी देशाचे दोन तुकडे केलेले: उत्तरेला राजधानी बिश्केक, दक्षिणेला ओश आणि जलाल-अबाद. या दोन भागांतली चुरस प्रत्येक निवडणुकीत असते. मराठी घरांना बिश्केक ठाऊक आहे ते वैद्यकीय शिक्षणामुळे. मे २०२४मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा इथल्या अनेक पालकांनी रात्री फोनवर जागून काढल्या. पण ज्या राज्यव्यवस्थेत आपली मुलं पाच-सहा वर्षं राहतात, तिच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही.

१९९१मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा शेजारच्या बहुतेक प्रजासत्ताकांत कम्युनिस्ट पक्षाचे जुने प्रमुखच अध्यक्ष झाले. किर्गिझस्तानने मात्र एका भौतिकशास्त्रज्ञाला निवडलं. अकायेव विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते, मृदुभाषी होते, आणि पाश्चात्त्य पाहुणे या देशाला ‘मध्य आशियातलं लोकशाहीचं बेट’ म्हणू लागले. ५ मे १९९३ रोजी पहिली घटना आली. मग १९९४, १९९६, १९९८, २००३ अशी सार्वमतं झाली. १९९६च्या दुरुस्तीने तर अध्यक्षांच्या हाती भरभरून अधिकार आले. दोनच कार्यकाळांची मर्यादा होती. घटना न्यायालयाने १९९८मध्ये ठरवलं की अकायेव यांचा पहिला कार्यकाळ घटनेच्या आधी सुरू झाला, म्हणून तो मोजायचा नाही. २००० साली ते पुन्हा निवडून आले. २००२मध्ये अक्सी भागात एका खासदाराच्या अटकेविरुद्ध निघालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. २००५च्या संसदीय निवडणुकीत अकायेव यांचा मुलगा आणि मुलगी दोघंही उमेदवार होते. २४ मार्चला जमाव बिश्केकच्या ‘व्हाइट हाउस’मध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या कचेरीत शिरला.

दक्षिणेचे बाकियेव आले ते अधिकार वाटून घेण्याचं वचन देऊन. नोव्हेंबर २००६मध्ये चौकातल्या आंदोलनाच्या दबावाखाली त्यांनी अध्यक्षांचे अधिकार कमी करणारी घटना मान्य केली. डिसेंबर संपता संपता संसदेकडून दुसरी घटना मंजूर करून घेतली आणि गेलेले बरेच अधिकार परत मिळवले. सप्टेंबर २००७मध्ये घटना न्यायालयाने दोन्ही रद्द केल्या. ऑक्टोबरमध्ये सार्वमत घेऊन तिसरी आली, ती अर्थातच अध्यक्षांच्या सोयीची. वर्षभरात तीन घटना! बिश्केकच्या कायदा महाविद्यालयात त्या वर्षी शिकणाऱ्यांची मला खरोखर दया येते. दरम्यान भाऊ जानिश अध्यक्षांच्या सुरक्षादलाचे प्रमुख झाले, आणि मुलगा माक्सिम गुंतवणूक-विकासासाठी खास काढलेल्या संस्थेचा. २०१०च्या हिवाळ्यात विजेचे आणि घर गरम ठेवण्याचे दर एकदम वाढले. ६ एप्रिलला तलासमध्ये भडका उडाला, ७ तारखेला बिश्केकमध्ये. त्या दिवशी गोळीबारात ८०हून अधिक माणसं मेली.

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जूनमध्ये ओश आणि जलाल-अबादेत किर्गिझ आणि उझ्बेक समाजांत भीषण दंगल झाली, चारशेहून अधिक बळी गेले. राख निवण्याआधीच, २७ जूनला, बाकियेव यांच्यानंतर आलेल्या ओतुनबायेवांच्या हंगामी सरकारने नव्या घटनेवर सार्वमत घेतलं. ते घाईचं होतं, हा आक्षेप खरा आहे. पण घटना लिहिणाऱ्यांनी दोन पळून गेलेल्या अध्यक्षांकडून धडा घेतला होता. अध्यक्षाला सहा वर्षांचा एकच कार्यकाळ. सरकार पंतप्रधानाचं. संसदेत, म्हणजे जोगोर्कू केनेशमध्ये, १२० जागा. पण मतं कितीही मिळोत, एका पक्षाला ६५पेक्षा जास्त जागा नाहीत. अर्थसंकल्पाच्या आणि कायदा-सुव्यवस्थेच्या समित्यांची अध्यक्षपदं विरोधकांकडे. जिंकणाऱ्याला सगळं जिंकूच द्यायचं नाही, अशी तरतूद मूळ कायद्यातच करून ठेवणारे देश फार थोडे असतील.

ऑक्टोबर २०१०च्या निवडणुकीत पाच पक्ष आत आले आणि सर्वांत मोठ्याला जेमतेम २८ जागा मिळाल्या. पुढच्या वर्षाच्या शेवटी ओतुनबायेवांनी अताम्बायेव यांच्या हाती कारभार सोपवला. मध्य आशियात अध्यक्षपद असं शांतपणे, निवडणुकीने हातातून हातात गेल्याचं हे पहिलंच उदाहरण.

मग हा प्रयोग फसला का? टोळ्यांमध्ये विभागलेला समाज संसदीय लोकशाहीला लायकच नाही, असं उत्तर तिथले सत्ताधारी देतात आणि बाहेरचेही काही पंडित देतात. मला ते पटत नाही. संसद सबळ झाली, पण राष्ट्रीय सुरक्षा समिती आणि महाअभियोक्ता यांच्या नेमणुकांची दोरी अध्यक्षांच्याच हाती राहिली. कोणाची चौकशी उघडायची आणि कोणाची बासनात ठेवायची, हे ज्याच्या हाती, त्याला कलमांची फिकीर कशाला? दुसरीकडे पक्ष म्हणजे धनिकांच्या थैल्या झाल्या. यादीतला वरचा क्रमांक पैसे मोजून मिळतो, हे तिथे उघड बोललं जाई. २०१०पासून २०२०च्या उठावापर्यंत कार्यवाहक सोडून नऊ पंतप्रधान झाले. जानेवारी २०१८च्या कडाक्याच्या थंडीत, चिनी कर्जातून नुकतंच नूतनीकरण झालेलं बिश्केकचं औष्णिक केंद्र बंद पडलं, आणि त्या प्रकरणात दोन माजी पंतप्रधानांना शिक्षा झाल्या. चौकशी गरजेची होतीच; पण ती पडलेल्यांचीच होते, हेही लोकांनी पाहिलं.

२०१०च्या घटनेत दहा वर्षं दुरुस्ती करू नये असं बंधन होतं. अताम्बायेव यांनी २०१६मध्येच दुरुस्तीचं सार्वमत घेतलं. तेव्हाची गंमत अशी की ज्या घटनेची दुरुस्ती करायची, तिची मूळ प्रत ना अध्यक्षांच्या कार्यालयात सापडली ना न्याय मंत्रालयात. त्यांनी स्वतः पुढे आणलेले जीनबेकोव २०१७मध्ये निवडून आले, वर्ष-दीड वर्षात दोघांचं फाटलं. ऑगस्ट २०१९मध्ये विशेष दल अताम्बायेव यांच्या कोय-ताश गावातल्या घरावर चालून गेलं. त्यात एक जवान मेला आणि माजी अध्यक्ष अखेर शरण आले.

४ ऑक्टोबर २०२०च्या निवडणुकीत १६ पक्ष उतरले आणि सात टक्क्यांची अट ओलांडून चारच आत गेले, बहुतेक सत्तेच्या आसपासचे. मतं विकत घेण्याचा तेव्हाचा मार्ग सरकारी कागदातूनच जात होता: ‘फॉर्म नंबर २’ भरला की मतदाराला आपलं मतदान केंद्र बदलता येई. सुमारे पाच लाख लोकांनी तो भरला, आणि एकूण मतदार होते ३५ लाख. दुसऱ्या दिवशी बिश्केकचा अला-तू चौक भरला, रात्री व्हाइट हाउस पुन्हा लोकांच्या ताब्यात, सकाळी निकाल रद्द. त्याच रात्री जपारोव तुरुंगातून बाहेर काढले गेले. कुमतोर या सोन्याच्या खाणीच्या आंदोलनात एका अधिकाऱ्याला ओलीस धरल्याबद्दल ते शिक्षा भोगत होते. पंधरवडा उलटायच्या आत ते पंतप्रधान आणि कार्यवाहक अध्यक्ष, दोन्ही झाले.

इथे ‘ओबोन’चा उल्लेख केला पाहिजे. भाडोत्री आंदोलक बायांच्या जथ्यांना हे रशियन लष्करी थाटाचं टोपणनाव आहे. न्यायालयासमोर आरडाओरडा करायचा, कचेरीचं दार अडवायचं, पुरुष पोलीस हात लावायला कचरतात याचा फायदा घ्यायचा. चौकातला राग खरा असतो, पण चौकात भाड्याने आलेलेही असतात. किर्गिझ क्रांत्यांकडे भारावून पाहणारे परदेशी वार्ताहर हे सहसा लिहीत नाहीत.

जानेवारी २०२१मध्ये जपारोव ७९ टक्के मतांनी निवडून आले; मतदान मात्र ४० टक्क्यांनाही पोचलं नाही. एप्रिलच्या सार्वमताने अध्यक्षीय पद्धत परत आली. संसद ९० जणांची झाली, पंतप्रधानाऐवजी अध्यक्षाच्या हाताखालचा मंत्रिमंडळ-प्रमुख आला, अध्यक्षाला पाच-पाच वर्षांचे दोन कार्यकाळ मिळाले. भटक्यांच्या जुन्या सभेची आठवण म्हणून ‘लोक कुरुलताय’ घटनेत घातली गेली. तिचं काम सल्ला देण्यापुरतं.

जपारोव यांच्या पाठीशी लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. कॅनडाच्या कंपनीकडून कुमतोर खाण सरकारच्या ताब्यात आली. ताजिकिस्तानशी रक्तपात घडवणारा सीमावाद मार्च २०२५च्या कराराने मिटला. पण उझ्बेकिस्तानशी सीमा ठरवताना केम्पिर-अबाद धरणाचा सौदा ज्यांना पटला नाही, अशा वीसहून अधिक जणांना ऑक्टोबर २०२२मध्ये उचललं गेलं. ते निर्दोष सुटायला जून २०२४ उजाडला. भ्रष्टाचार खणून काढणाऱ्या ‘क्लूप’ या वृत्तसंस्थेमागची संस्था न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर नोंदणीचं बंधन आणणारा कायदाही त्याच वर्षी आला.

निवडणुकीची पद्धत २०२५मध्ये पुन्हा बदलली. पक्षांच्या याद्या गेल्या. आता ३० मतदारसंघ, प्रत्येकी तीन खासदार, आणि तिघांत निदान एक स्त्री असलीच पाहिजे. संसदेने स्वतःला मुदतीआधी विसर्जित केलं आणि ३० नोव्हेंबरला या पद्धतीने पहिलं मतदान झालं. स्त्रियांच्या जागेची ही हमी मला चांगली वाटते. पण याद्यांबरोबर पक्षही विरळ होत जाणार, आणि सुट्या ९० खासदारांना एकेक करून हाताळणं अध्यक्षांच्या कचेरीला कुठल्याही पक्षापेक्षा सोपं पडेल.