शिशुपोषणातील सूक्ष्म खनिजे : मात्रा आणि शोषण

लोह, जस्त, तांबे, आयोडीन व सेलेनियम ही खनिजे शिशूस अत्यल्प मात्रेत, परंतु अनिवार्यपणे लागतात. डब्याच्या दुधावरील तक्ता वाचून ‘आईच्या दुधात लोह कमी पडते काय?’ असे पालक विचारतात. त्याचे नेमके उत्तर वैद्यांपाशी असावे, यासाठी हा लेखप्रपंच.

एक लिटर स्तन्यात अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते. डब्याच्या लोहयुक्त दुधात ते कित्येक पटींनी अधिक घातलेले असते. तथापि स्तन्यातील लोहाचे शोषण प्रमाणाने पुष्कळ अधिक होते. शिवाय पूर्ण दिवसांचे बालक जन्मतःच लोहाचा साठा घेऊन येते. जन्मानंतर एक ते तीन मिनिटांनी नाळ बांधल्यास त्यात भर पडते. म्हणून पहिले सहा महिने निव्वळ स्तन्य पुरते. अकाली जन्मलेल्या किंवा अडीच किलोहून कमी वजनाच्या बालकास मात्र बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने लोह लवकर सुरू करावे लागते.

सहा महिन्यांच्या सुमारास हा साठा ओसरतो. स्तन्यातील जस्तही तोवर घटलेले असते. सुश्रुतांनी सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न सांगितले आहे, तर काश्यपसंहितेत त्याच महिन्यात फलप्राशन येते. या काळाचे महत्त्व आज खनिजांच्या दृष्टीनेही पटते. स्तनपान चालू ठेवून मऊ वरण-भात, मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व, चालत असल्यास अंडे द्यावे. मोड आणल्याने फायटेट घटते. लिंबाच्या थेंबांनी लोहशोषण वाढते. केवळ पेजेवर किंवा भाताच्या पाण्यावर बालकास ठेवणे हितावह नाही.

स्तन्य खरोखरच अनुपलब्ध असेल, तेव्हा डब्याचे दूध हाच पर्याय. डबा पुरवावा म्हणून भुकटी कमी व पाणी अधिक घातल्यास ऊर्जेसह सारीच खनिजे घटतात. म्हणून डब्यातील मापानेच दूध करण्यास बजवावे. वर्षाच्या आत गाईचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. त्यात लोह अल्प असते व काही शिशूंच्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावही होतो.

शिशुदुग्धपर्यायांच्या प्रचारास 1992 च्या कायद्याने बंदी आहे, याचे भान आपण राखावे. फिकटपणा, मंद वजनवाढ वा वारंवार अतिसार दिसल्यास अंदाजाने लोहकल्प न देता प्रथम रक्ततपासणी करावी, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना आग्रहाची विनंती आहे.