बचाटातील ‘हॅमरलॉक’ : हात गुंतवण्याआधी सोडवायला शिकणे महत्त्वाचे

सिरुसेरी (चेन्नई) : जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील सिरुसेरीच्या ‘सिपकॉट’ माहिती तंत्रज्ञान उद्यानात विविध राज्यांतील तरुण नोकरीनिमित्त येतात. तमिळ न येणारा मराठी अभियंता आणि मराठी न येणारी त्याची तमिळ सहकारी यांना शब्दांची फारशी मदत न घेता एकत्र करता येईल अशा गोष्टी मोजक्याच असतात. जोडीने करावयाचे ‘बचाटा’ नृत्य हे त्यांपैकी एक. मात्र मूलभूत पावले जमू लागताच नवशिक्यांना डौलदार हालचालींचे वेध लागतात आणि घाईत शिकलेली अशी हालचाल जोडीदाराच्या खांद्याला इजा करू शकते. ‘हॅमरलॉक’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

बचाटाचा उगम कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात झाला. हुकूमशहा राफाएल त्रुहियो याची 1961 मध्ये हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरोन यांनी या शैलीतील पहिली गाणी ध्वनिमुद्रित केली. विरहाची ही गिटारप्रधान गाणी दीर्घकाळ गरीब वस्त्यांची म्हणून हिणवली गेली. हुआन लुईस गेर्रा यांच्या 1990 मधील ‘बचाटा रोसा’ या संग्रहानंतर त्यांना प्रतिष्ठा लाभली. ‘युनेस्को’ने 2019 मध्ये डॉमिनिकन बचाटाच्या संगीताचा व नृत्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

नृत्याची चौकट साधी आहे. केरव्याच्या आठ मात्रांशी परिचित असलेल्या मराठी कानाला ती लवकर उमगते. पहिल्या तीन मात्रांवर एका बाजूला तीन पावले टाकायची आणि चौथ्या मात्रेवर, शरीराचा भार न टाकता, पायाचा केवळ स्पर्श करायचा. पाच ते आठ या मात्रांवर हेच उलट दिशेने करायचे. पुढाकार घेणाऱ्याला ‘लीड’ आणि प्रतिसाद देणाऱ्याला ‘फॉलो’ म्हणतात. स्त्री असो वा पुरुष, दोन्ही भूमिका कोणीही करू शकते.

‘हॅमरलॉक’मध्ये दोघे समोरासमोर, दोन्ही हात धरून उभे असतात. ‘लीड’च्या डाव्या हातात ‘फॉलो’चा उजवा हात असतो आणि उजव्या हातात डावा. आधीच्या आवर्तनातील सातव्या-आठव्या मात्रेवर ‘लीड’ हातांनी किंचित सूचना देतो. पहिल्या मात्रेवर तो आपला डावा हात उचलतो. त्याखालून ‘फॉलो’ तीन पावलांत आपल्या उजवीकडे पूर्ण गिरकी घेते. या वेळी ‘लीड’चा उजवा हात खालीच, कमरेच्या पातळीवर राहतो. त्यामुळे चौथ्या मात्रेवर ‘फॉलो’ पुन्हा समोर येते, तेव्हा तिचा डावा हात पाठीमागून वळसा घेऊन उजव्या कमरेपाशी आलेला असतो. या स्थितीत एखादे आवर्तन साधी पावले टाकून, पाच ते सात या मात्रांवर डावीकडे उलट गिरकी दिली की गुंफण सुटते.

पाहणाऱ्याला यात हातांची करामत दिसते. प्रत्यक्षात काम पावलांचे असते. ‘फॉलो’ स्वतःच्या पावलांवर वळते, ‘लीड’ने तिला वळवायचे नसते. वरच्या हाताने डोक्यावर लहानसे वर्तुळ काढणे पुरेसे ठरते. तो हात तिच्या डोक्यापासून दूर ओढला, तर तिचा तोल जातो.

खरा धोका खालच्या हातात असतो. पाठीमागे वळलेल्या हाताचा खांदा आधीच आतल्या बाजूला फिरलेला असतो. अशा वेळी मनगट वर, पाठीच्या मध्याकडे खेचले गेले, तर खांद्याच्या सांध्यावर ताण येतो. म्हणून हा हात कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि अंगठ्याने आवळायचा नाही. बोटे केवळ एकमेकांत अडकलेली असावीत. खांदा आखडलेला किंवा पूर्वी निखळलेला असेल, तर ही हालचाल टाळणेच इष्ट.

येथे फुगडीची आठवण उपयोगी पडते. फुगडीत दोघी मागे रेलून परस्परांचा भार तोलतात. तिथे पकड सुटली तर दोघीही पडतात, म्हणून घट्ट पकड हीच सुरक्षितता. ‘हॅमरलॉक’मध्ये नियम नेमका उलटा आहे. प्रत्येकाने आपला भार आपल्याच पायांवर ठेवायचा आणि पकड इतकी सैल ठेवायची, की ‘फॉलो’ला वाटेल त्या क्षणी हात काढून घेता यावा.

म्हणूनच सराव सोडवण्यापासून सुरू करणे हिताचे. प्रथम संगीताविना, एकाच हाताने साधी उजवी गिरकी पक्की करावी. नंतर दोन्ही हात धरून संथ गतीने गुंफण करावी आणि गिरकीच्या मध्यावर खालचा हात मुद्दाम सोडून पाहावा. हात सुटला की उरते ती साधी गिरकी. लय तुटत नाही आणि काही चुकले हे पाहणाऱ्याला कळतही नाही. ही सवय हातात मुरल्यावरच हालचाल गाण्यावर बसवावी.

रंगमंचावरील जोडीने महिनोन्महिने एकत्र तालीम केलेली असते. मेळाव्यातील नृत्यात मात्र जोडीदार दर गाण्याला बदलतो आणि त्याच्या खांद्याचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो. त्यामुळे पहिली काही आवर्तने साध्या पावलांवर नाचून समोरच्याचा तोल आणि सहजता जोखावी. साधी गिरकी निर्विघ्न झाली, तरच पुढे जावे. हाताला ताठरपणा जाणवला किंवा कोपर अंगाशी घट्ट धरलेले आढळले, तर तो नकार समजावा आणि बेत सोडून द्यावा. शंका असल्यास विचारावे. ‘नको’ म्हणणाऱ्याने कारण देण्याची गरज नाही.

एका गाण्यात ‘हॅमरलॉक’ एकदाही झाला नाही, तरी नृत्याचे काही बिघडत नाही. खांदा दुखावून परतलेला जोडीदार मात्र पुन्हा हात पुढे करताना कचरतो.