समाजसेवकास सरकारी परवाना असावा काय ?

इयत्ता नववीच्या वर्गांत एके दिवशीं मीं मुलांस, मोठेपणीं कोण होणार, असा प्रश्न विचारला. डॉक्टर, इंजिनियर, फौजदार अशीं नेहमींचीं उत्तरें आलीं. एक मुलगी मात्र म्हणाली, "मी समाजसेविका होणार." इतक्यांत मागच्या बाकावरून एकानें विचारलें, "सर, तिची परीक्षा कोणती असते ?" वर्ग हंसला. परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता, व त्याचें समाधानकारक उत्तर त्या तासास मला देतां आलें नाहीं. तें देण्याचा यत्न प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. डॉक्टरास रोगी तपासण्यापूर्वीं आपलें नांव नोंदवावें लागतें. वकिलास १९६१ च्या कायद्याप्रमाणें सनद घ्यावी लागते. समाजसेवेचेंहि शिक्षण आपल्या देशांत आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट ह्या अमेरिकन मिशनऱ्यानें मुंबईंत नागपाड्याच्या दाट वस्तींत एक सेवाकेंद्र काढलें. पुढें १९३६ सालीं टाटांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्यानें तेथेंच समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली व मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचें एक केंद्र आपल्याजवळ तुळजापुरास आहे. तथापि ही विद्या शिकल्यावांचून कोणीं समाजसेवा करूं नये, असा नियम देशांत नाहीं. अपवाद आहे तो आरोग्यसेवेचा. मनोरुग्णांमध्यें काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याचें शिक्षण किती असावें, हें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें ठरविलें आहे व त्यास नोंदणीहि सांगितली आहे. २०२१ च्या कायद्यानें आरोग्यसेवेंतील इतर समाजकार्यकर्तेहि नोंदणीच्या कक्षेंत घेतले. परंतु जो रुग्णालयाबाहेर, गांवांत व वस्तींत, अनाथ मुलांत व निराधार स्त्रियांत वावरतो, त्यास कोणताहि परवाना लागत नाहीं. तो लागावा काय, हा आपला प्रश्न.

ह्या प्रश्नाची ओळख आपल्या भागास पुस्तकांतून झालेली नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें चारच्या सुमारास, गणपति बोळवून थकलेले लोक निजले असतां, किल्लारी व सास्तूरच्या परिसरांत भूकंप झाला. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील माळवदाचें ओझें निजलेल्यांच्या अंगावर आलें. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं. बावन्न गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

मी त्या वेळीं शाळकरी मुलगा होतों. दुसऱ्या दिवसापासून मुरुडच्या रस्त्यानें धान्य, कपडे व औषधें घेऊन मोटारी जाऊं लागल्या. त्या मोटारींत बसलेल्या माणसांपाशीं परवाना नव्हता, आणि परवान्याची वाट पाहत तीं माणसें घरीं राहिलीं असतीं, तर ढिगाऱ्याखालून वांचलेले कित्येक जण उघड्यावर मेले असते. ही गोष्ट आधीं कृतज्ञतेनें सांगितली पाहिजे.

परंतु मीं दुसरीहि गोष्ट पाहिली. आमच्या नात्यांतील एका मावशीचा नवरा व दोन मुलगे त्या रात्रीं गेले. एक पांच वर्षांची मुलगी तेवढी हातीं राहिली. त्यांच्या पत्र्याच्या खोपटांत एके दिवशीं दोन गृहस्थ आले व "आम्ही समाजसेवक आहोंत" म्हणाले. त्यांनीं मावशीचा फोटो काढला, घडलें तें तिच्याकडून पुन्हां पुन्हां वदविलें, एका कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला, आणि मुलीस शिक्षणासाठीं नेतों असें सांगितलें. कोणत्या गांवीं नेणार व परत केव्हां आणणार, ह्याचें उत्तर मिळेना, तेव्हां माझ्या वडिलांनीं मुलीचा हात सोडला नाहीं. ते गृहस्थ पुन्हां आले नाहींत. ते लबाड होते कीं भल्या मनाचे पण अजाण होते, हें आम्हांस आजवर कळलेलें नाहीं. कळण्याचा मार्गहि नव्हता, कारण त्यांचें नांव कोठेंच लिहिलेलें नव्हतें. त्या कागदाचें काय झालें असेल, ही धास्ती मावशीला जन्मभर राहिली. कोणीं कागद पुढें केला कीं ती हात पदराखालीं घेई.

अशा अनुभवानंतर मनांत सहज येतें, कीं डॉक्टराप्रमाणें समाजसेवकासहि परवाना सक्तीचा करावा. इंग्लंडांत तसें आहेच. तेथें २००५ पासून नोंदणी केल्यावांचून कोणासहि समाजकार्यकर्ता हें बिरुद लावतां येत नाहीं, व गैरवर्तन सिद्ध झाल्यास नांव यादींतून काढलें जातें. ह्या पद्धतीचा लाभ उघड आहे. ज्यास अन्याय झाला त्यास तक्रारीचें एक दार ठाऊक असतें, आणि एका गांवांत अपराध करून दुसऱ्या गांवांत नव्या नांवानें उभें राहणें कठीण होतें.

तरी हा नियम जसाच्या तसा आपल्याकडे आणणें मला प्रशस्त वाटत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतील सेवेचा इतिहास पाहा. पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांत सांपडलेल्या मुलींस मध्यप्रांतांतून आणून केडगांवीं आश्रय दिला, तेव्हां समाजकार्याची पदवी देणारी शाळा देशांत नव्हती. अण्णासाहेब कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. बाबा आमटे वकिली शिकले होते. पदवीची अट असती, तर हिंगण्याचा आश्रम व आनंदवन हीं दोन्हीं बेकायदेशीर ठरलीं असतीं. भूकंपानंतरचेंच उदाहरण घ्या. पडक्या घरांच्या दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमांत लोकांचा सहभाग मिळविण्याचें काम स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेकडे आलें. तिनें गांवोगांवच्या महिलामंडळांतील स्त्रियांस संवाद सहायक नेमिलें. ह्या स्त्रियांनीं घरमालकांस मजबुतीची रीत समजावून दिली व लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांच्या कानीं घातल्या. गांवची माहिती व गांवचा विश्वास हीच त्यांची पदवी होती.

दुसरीहि एक भीति आहे. समाजसेवक नेहमींच सरकारास गोड लागेल असें बोलत नाहीं. मजुरी कां थकली, रेशनचें धान्य कोठें गेलें, हें विचारणें त्याचें कर्तव्य आहे. ज्या कचेरीस त्यानें जाब विचारावयाचा, त्याच कचेरीच्या मर्जीवर त्याचा परवाना असेल, तर त्याची जीभ बांधली जाईल. आणि त्याचें नुकसान अखेरीस गरिबासच सोसावें लागेल.

मग मार्ग कोणता ? माझ्या मतें सेवेचे तीन प्रकार निराळे केले पाहिजेत. पहिला प्रकार शेजारधर्माचा. भुकेल्यास भाकरी देणें, आजाऱ्यास दवाखान्यांत नेणें, निरक्षरास अर्ज लिहून देणें, ह्यांस परवाना मागणें म्हणजे माणुसकीवर जकात बसविणें होय. दुसरा प्रकार संस्थेच्या नांवानें चालणाऱ्या कामाचा. येथें जबाबदारी संस्थेवर टाकावी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानें संस्थेचा हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढें जातोच. त्याबरोबर प्रत्येक कार्यकर्त्याचें नांव संस्थेच्या नोंदवहींत असावें, त्याजपाशीं ओळखपत्र असावें, व त्याच्याविरुद्ध आलेल्या तक्रारीचें उत्तर देणें संस्थेस भाग असावें.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक. कांहीं कार्यकर्त्यांच्या हातीं दुसऱ्याच्या आयुष्यावरील सत्ता येते. मूल कोणाजवळ राहावें ह्याविषयीं ते अहवाल लिहितात. अनाथगृहांत मुलें सांभाळतात. मारहाण सोसलेल्या स्त्रीचें गुपित त्यांस ठाऊक असतें. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें निराधार मुलांच्या संस्थांस नोंदणी सक्तीची केली आहे, व नोंदणीवांचून संस्था चालविणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. परंतु संस्थेच्या दारावर पाटी आहे एवढ्यानें आंतील प्रत्येक माणूस योग्य आहे असें ठरत नाहीं. अशा कार्यकर्त्यांस ठराविक शिक्षण, वैयक्तिक नोंदणी व चुकल्यास काढून टाकण्याची तरतूद अवश्य असावी. ही नोंदणी एका खात्याच्या मर्जीवर न ठेवितां स्वतंत्र मंडळाकडे द्यावी, व त्या मंडळांत अनुभवी कार्यकर्त्यांबरोबर ज्यांची सेवा केली जाते त्यांचेहि प्रतिनिधि असावेत. थोडक्यांत, सरकारनें दयेस परवाना मागूं नये; सत्तेस मागावा.

कायदा होईल तेव्हां होवो. पालकांनीं आज कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सेवा करूं म्हणणाऱ्यास त्याचें नांव, संस्था व पत्ता विचारण्यांत कृतघ्नता नाहीं. खरा सेवक त्यानें रागावत नाहीं. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधींहि देऊं नये. मूल कोणाच्याहि हवालीं तोंडी शब्दावर करूं नये. सांपडलेलें निराधार मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें आणिलें पाहिजे, असा कायदा आहे. आणि संकटांतील मुलासाठीं १०९८ ह्या क्रमांकावर कोणासहि फोन करतां येतो.

आतां त्या मागच्या बाकावरील मुलास माझें उत्तर. समाजसेविकेची पहिली परीक्षा विद्यापीठांत होत नाहीं. ती एखाद्या खोपटाच्या दारांत होते. आंत शिरण्यापूर्वीं ती आपलें नांव सांगते काय, कागद वाचून दाखविते काय, आणि पुन्हां येतें म्हणून गेली तर खरोखर येते काय, हे त्या परीक्षेचे प्रश्न. आमच्या वर्गांतील ती मुलगी त्यांत उत्तीर्ण होवो, व पुढें पदवीहि मिळवो. तिच्यासारखी कोणी तेव्हां आली असती, तर मावशीचा हात पदराखालीं गेला नसता.